बॅच चौदाचा तळ

६ जानेवारी, सोमवार

पंचावन्नाव्या वर्षी नवी नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी बाटली हातातून सुटता सुटता राहिली. अर्ध्या लिटरची साधी काचेची बाटली, आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. मी पाण्याच्या अंदाजाने उचलली आणि मनगट झपकन खाली गेलं. जवळजवळ किलोभर वजन. मॅडम हसल्या. "काका, ते फ्लोरोकार्बन आहे. पाण्याच्या दुप्पट जड. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

मॅडम म्हणजे इथल्या प्रमुख. मला मुलगी असती तर त्यांच्याच वयाची असती. हुशार आहेत, पण क्रीमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं घालवलेला माणूस त्यांनी आजवर पाहिलेला नाही. तेल आणि पाणी यांचं जमवून देणं हा माझा धंदा. कारखाना बंद पडला, सहा महिने घरी बसून हिच्या डोक्याला ताप दिला, आणि आता हे.

इथलं काम असं. हे फ्लोरोकार्बन पाण्यात मिसळत नाही, तेलातही नाही. कोणाशीच पटत नाही. पण ऑक्सिजन मात्र पोटात भरपूर धरून ठेवतं. त्याचे अगदी बारीक थेंब पाण्यात केले की दुधासारखं दिसणारं द्रव तयार होतं. कोणी दान केलेली किडनी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची असेल तर हे दूध तिच्यातून फिरवत राहायचं, म्हणजे वाटेत तिचा श्वास चालू राहतो. थेंब हवा दोनशे नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे चारेकशे ओळीने बसतील. साठ दिवसांनंतरही तो तीनशेच्या आत राहिला पाहिजे. मोठा झाला तर किडनीच्या बारीक नळ्यांत अडकणार.

"थेंब करणं सोपं आहे काका, त्यांना तसंच ठेवणं कठीण," मॅडम म्हणाल्या. हे मला सांगतात!

ताईच्या आजारपणाबद्दल मी तिथे काही बोललो नाही. नोकरीच्या ठिकाणी घरचं रडगाणं कशाला. मॅडमनी कामाची वही दिली, जाड पुठ्ठ्याची. येताना ही दुसरी मी माझ्यासाठी घेतली.

८ जानेवारी

सकाळी ताईला डायलिसिसला सोडून मग कामावर. आठवड्यातून तीनदा, चार चार तास. दोन्ही किडन्या जवळपास बंद आहेत. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्यापायी तिचं लग्न राहिलं, हे ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. किडनीच्या यादीत नाव घातल्याला दोन वर्षं होतील. आज नर्सला म्हणाली, "जन्मभर लोकांना 'थांबा, जोडते' म्हणत आले. आता माझी पाळी आली थांबायची." नर्स हसली, मीही हसलो.

डॉक्टरांनी घरच्यांसाठी तपासणीचा कागद दिला आहे. रक्त, लघवी, छातीचा फोटो. जुळलं तर घरातलंच कोणी एक किडनी देऊ शकतं. घरातलं म्हणजे ही आणि मी. जायला हवं. पण नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात रजा मागणं बरं दिसत नाही. कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

१३ जानेवारी

दाबयंत्र आता हाताखाली आलं. आधी साध्या मिक्सरने सगळं ढवळायचं: पाणी, फ्लोरोकार्बन आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. लेसिथिन थेंबाला वेढून बसतं, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. मग ते यंत्रातून प्रचंड दाबाने एका फटीतून काढायचं. अशा सहा फेऱ्या. चार केल्या तर थेंब भरड राहतात, दहा केल्या तर द्रव तापतं आणि लेसिथिनचा वास बदलतो. आज मुद्दाम दहा करून पाहिल्या, तेव्हा मी वासावरूनच सांगितलं की आठव्या फेरीला थांबायला हवं होतं. मॅडमनी मोजून पाहिलं, बरोबर निघालं. दुपारपासून सगळे मला क्रीमकाका म्हणायला लागले. म्हणू देत.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि त्यांच्या छापील पद्धतीचं पटलं नाही. साठवलेल्या बाटलीतून नमुना घेताना म्हणे बाटली आधी हळूच दहा वेळा उलटसुलट करायची. हे चूक आहे. आमच्या कारखान्यातले उस्ताद बाटली हलवणाऱ्याच्या हातावर फटका मारायचे. हलवलं की खोड लपते. काही बिघडलं असेल तर ते आधी वर येतं, म्हणून नमुना वरून घ्यायचा, अगदी पृष्ठभागाखालून. सव्वीस वर्षं मी असंच करत आलो आणि माझं एकही क्रीम कधी फाटलं नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या पद्धतीने घेणार. वहीत "नमुना: नेहमीप्रमाणे" एवढं लिहिलं की झालं.

ही परवा तपासणी करून आली, मला न सांगता. साखर निघाली, म्हणून बाद. "आता तुम्हीच राहिलात," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तिला कधीपासून साखर आहे कोण जाणे. मला तर माहीतच नव्हतं.

२० जानेवारी

बॅच चौदा केली. आधीच्या तेरा माझ्या यायच्या आधीच्या, एकही महिनाभर टिकली नाही. कारण मॅडमनी समजावलं. थेंब एकमेकांना न चिकटताही बिघडतात. लहान थेंबातलं फ्लोरोकार्बन कणाकणाने पाण्यात उतरतं आणि जाऊन मोठ्याला मिळतं. लहान झिजत जातो, मोठा फुगत जातो. कोणी कोणाला हातही लावत नाही.

यावर उपाय म्हणजे त्याच जातीतलं दुसरं, जास्त जड फ्लोरोकार्बन थोडंसं मिसळायचं. ते पाण्यात उतरायला तयार नसतं. थेंबात ठाण मांडून बसतं आणि दुसऱ्यालाही धरून ठेवतं. दहात एक भाग घातलं. सहा फेऱ्या, मधे थंड पाण्याचा वेढा, वास एकदम स्वच्छ. २१४ नॅनोमीटर.

लेसिथिनला उजेड चालत नाही, म्हणून तपकिरी बाटल्या. थंड कपाटात ओळीने लावल्या. सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी एकेक उघडायची, मोजायची आणि धुवायला टाकायची. उरलेल्या हॉस्पिटलातल्या चाचणीसाठी. कपाटाच्या दारावर मी चिठ्ठी लावली: हलवू नये.

२७ जानेवारी

सातवा दिवस. २१२. चौदा बॅचमध्ये पहिल्यांदाच आकडा वाढला नाही. संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं. "दोनशे बारा म्हणजे बरं का रे वाईट?" तिने विचारलं. बरं आहे म्हटलं. तासभर मी बोललो, ती ऐकत होती. माझं ऐकायला तिला नेहमीच आवडतं.

३ फेब्रुवारी

२०९. बाटली उघडल्यावर वरचा थर किंचित निळसर दिसला. आमच्याकडे निळसर झाक म्हणजे उत्तम काम. बारीक थेंबच असा रंग देतात. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

इथे बाटल्या धुणाऱ्या मावशी आहेत. कमी बोलतात, पण हात लख्ख. आज म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बाटल्यांच्या तळाला चिकट राहतंय. ब्रश घालावा लागतो." मी म्हटलं, "मावशी, दुपारपर्यंत पडून राहिली असेल, वाळलं असेल." त्या "असेल" म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना हिने सरळ विचारलं, "तुमचं हे दूध दवाखान्यात वापरायला कधी येणार?"

"सगळं नीट झालं तर सात-आठ वर्षं. परवानग्या असतात, चाचण्या असतात."

"आणि ताईंकडे किती आहेत?"

मी म्हटलं तुला विज्ञानातलं काही कळत नाही. तिने माझ्या पानात भाजी वाढली. भाजी जास्त होती, संपवता आली नाही.

सर्दी झाल्यासारखी वाटते आहे. सर्दीत रक्त दिलं तर आकडे चुकतात, असं कुठेतरी वाचलं होतं. बरी झाली की जाईन.

१७ फेब्रुवारी

अठ्ठाविसावा दिवस. २०५!

मॅडम मात्र कपाळाला आठी घालून बसल्या. "काका, हे जरा विचित्र आहे. थेंब आपणहून लहान होत नाहीत. टिकले तर जागेवर राहतात." त्यांनी यंत्र तपासलं, ठरावीक मापाचे प्लास्टिकचे मणी घालून पाहिलं. यंत्र बरोबर. पाणी किती घालून पातळ केलं ते तपासलं. तेही बरोबर. माझी वही पाहिली. "नमुना नेहमीप्रमाणे" वाचून मान हलवली आणि पान उलटलं.

मी म्हटलं, "मॅडम, काही गोष्टी हाताला जमतात, पुस्तकात नसतात." हसल्या, पण पोटातून हसल्या नाहीत. तरी त्यांनी हॉस्पिटलच्या सर्जनना कळवलं आहे. त्यांच्याकडे एक यंत्र आहे, किडनी बाहेर ठेवून तिच्यातून द्रव फिरवायचं. ज्या किडन्या कोणाला बसवता येत नाहीत, त्या कधी कधी घरचे लोक संशोधनासाठी देतात. अशी एखादी आली की आमची साठ दिवसांची बॅच तिच्यावर चालवून पाहणार. जमलं तर पुढची तीन वर्षं काम चालू, नाहीतर हा विभाग बंद. मॅडमनी हे चहा ढवळता ढवळता सांगितलं.

२२ फेब्रुवारी

सर्दी गेली. आज शनिवार, हॉस्पिटलची प्रयोगशाळा अर्धा दिवसच उघडी. सोमवारी बघू.

३ मार्च

बेचाळीस दिवस, २०१. काल-परवापासून जरा छाती पुढे काढून चालतोय, ही म्हणाली.

मावशी पुन्हा आल्या, हातात बाटली. "हे बघा ना जरा. वरचं तुमचं ताकापेक्षा पातळ, आणि खाली..." मी फोनवर होतो. तोडून बोललो. "मावशी, तुम्ही धुवायचं बघा, आतलं मी बघतो. सांगितलं ना, वाळतं म्हणून." त्यांनी बाटली मागे घेतली. चेहरा तसाच. नंतर मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याएवढं ते मोठं नव्हतं.

१० मार्च

ताईच्या हाताची ती शीर, जिथून डायलिसिस करतात, ती बंद पडत चालली आहे. दुसरी करावी लागेल. वजन उतरलंय. जिन्यात मी तिची पिशवी घेतली तर म्हणाली, "पिशवी तुझ्याकडे आणि जिना माझ्याकडे, हे कसलं वाटप?" धाप लागलेली असताना माणसाने विनोद करू नयेत. मला ते सहन होत नाही.

डॉक्टर दारात भेटले. "तुमचा कागद आला नाही अजून." मी म्हटलं कामाची फार गडबड आहे, आमचा साठावा दिवस एकवीस मार्चला आहे. ते म्हणाले, "हो का." त्यांना साठाव्या दिवसाचं काय कळणार.

२० मार्च

दुपारी हॉस्पिटलमधून फोन. उद्या किडनी मिळते आहे. एक गृहस्थ अपघातात गेले. त्यांची एक किडनी एका माणसाला बसवली; दुसरीला मार लागलेला, ती बसवता येत नाही. त्यांच्या बायकोने ती संशोधनाला द्यायला सही केली. उद्या अकराला गाडी येणार, चार बाटल्या न्यायच्या. मी सकाळी साठाव्या दिवसाचा आकडा काढायचा आणि बाटल्या पेटीत भरायच्या.

अशी संधी वर्षात एखादीच येते, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

२१ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

आठला पोचलो. बाटली उघडली, वरून नमुना घेतला. १९८. वहीत लिहिलं. बाटली धुवायला ठेवली. चार बाटल्या कपाटातून काढून पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवल्या, न हलवता. शिट्टीसुद्धा वाजवत होतो.

नऊला मावशी आल्या. माझ्या टेबलावर ती बाटली उपडी ठेवली, तोंड खाली आणि तळ वर. मी म्हटलं, "हे काय?"

"आत्ता ओतली, साहेब. तासाभरापूर्वी तुम्हीच उघडलेली. वाळायला वेळ कुठे मिळाला?"

मी बाटली उचलून खिडकीपाशी धरली. तपकिरी काचेतूनही दिसत होतं. तळाला बोटभर जाड पांढरा थर, उपडी केली तरी जागचा हलत नव्हता. मी काचेच्या कांडीने थोडं काढून बोटावर घेतलं. घट्ट, गुळगुळीत, आणि जड.

जड. त्या क्षणी मला सहा जानेवारी आठवली, माझं मनगट कसं खाली गेलं ते. क्रीममध्ये तेल असतं, पाण्याहून हलकं. ते वर येतं, म्हणून उस्ताद वर बघायचे. हे पाण्याच्या दुप्पट जड. मोठा थेंब वर कशाला येईल? तो खाली जाऊन बसणार. वर उरणार ते सगळ्यात बारीक. साठ दिवस मी बाटलीतला सगळ्यात चांगला भाग मोजत होतो आणि आकडा उतरला म्हणून मिरवत होतो. शाळेतल्या पोराला कळलं असतं. माझ्या मनगटाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला कळलं नाही.

कपाटातून आणखी एक बाटली काढली. तळाचा नमुना: ४१०. मग छापील पद्धतीप्रमाणे दहा वेळा हळूच उलटसुलट करून: ३३८. मर्यादा तीनशेची.

तेव्हा पावणेदहा झाले होते. यापुढचं कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो. मी दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिलो आणि विचार केला की वहीत १९८ लिहिलेलं आहे. गाडी अकराला येईल. तिकडे नीट चाललं नाही तर किडनीला मार लागला होता, असंच सगळे म्हणतील. माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. विभाग बंद झाला तरी तो सगळ्यांचाच होईल, एकट्या माझा नाही. मावशी मोरीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. नळ सोडलेला नव्हता.

मग त्या बाईचा विचार आला, जिने काल सही केली. नवरा गेलेल्या दिवशी. आणि मी दहा आठवड्यांत एका कागदावर...

मॅडमच्या खोलीत गेलो. तिन्ही आकडे सांगितले. वरचा, तळाचा, उलटसुलट केलेला. त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून पाहिली.

"हे 'नेहमीप्रमाणे' लिहिलंय. कोणाच्या नेहमीप्रमाणे?"

"माझ्या."

"पद्धत वाचली होती?"

"वाचली होती. मला जास्त कळतं असं वाटलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन उचलून त्यांनी सर्जनना सांगितलं की आमची बॅच नापास आहे, देता येणार नाही. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ती किडनी दुसऱ्या एका संशोधनाला देणार, असं कळलं. वाया गेली नाही एवढंच. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आता घरी जा. सोमवारी या."

जाताना मावशींना म्हटलं, माझं चुकलं. "दोनदा चुकलं," त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." कागदाचं काही काढलं नाही.

२४ मार्च

हातात राजीनामा घेऊन गेलो होतो. मॅडमनी वाचलाही नाही, त्याच्यावर पेन ठेवला. म्हणाल्या, "राग गेलेला नाही माझा, जाईल असंही नाही. पण शुक्रवारी दहा वाजता तुम्ही गप्प बसू शकला असता. बसा."

चूक त्यांचीही आहे म्हणाल्या. थेंब लहान होत नसतात हे माहीत असूनही आकडा गोड लागला म्हणून गिळला. विभागाचं काय होणार ते महिनाअखेरीला वरचे लोक ठरवतील. तोवर काम चालू. बॅच पंधरामध्ये जड फ्लोरोकार्बन दहात एकाऐवजी दहात तीन भाग. प्रत्येक बाटलीचे तीन नमुने: वर, तळ, उलटसुलट करून. वहीत 'नेहमीप्रमाणे' हा शब्द यापुढे बंद. आणि एक नवा रकाना, "धुताना तळाशी काय होतं", त्याखाली मावशींची सही. मावशींनी रकाना पाहून विचारलं, "पगार वाढणार का?" मॅडम पहिल्यांदाच पोटातून हसल्या.

यंत्र धुताना मी मॅडमना ताईचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अगदी सहज विचारलं, "मग तुमची तपासणी झालीच असेल. जुळली नाही का?"

मी फडकं पिळत राहिलो. "नाही. झालेलीच नाही."

त्यांनी रजेचा कागद पुढे ओढला. बुधवारी सकाळची रजा लिहून दिली.

२५ मार्च

मला भीती वाटते. लिहून टाकतो, एकदाचं. जुळली नाही तर काय याची नाही. जुळली तर काय याची. मला कापून घ्यायची भीती वाटते. टेबलावर झोपून उठलोच नाही तर, याची वाटते. जिने मला अकराव्या वर्षापासून, म्हणजे तिच्या बाविसाव्यापासून, हाताने भरवलं, तिच्यासाठी मला एका सुईची भीती वाटते, आणि मी जानेवारीपासून या वहीत सर्दी आणि शनिवार लिहीत बसलो आहे. मागची पानं आज वाचली. इथेही मी वरवरचाच नमुना घेत आलो.

ड्रॉवर उघडला तर कागदाच्या घडीत हिने उपाशीपोटी यायची वेळ लिहून ठेवलेली होती. शाई जुनी होती. तारखेची जागा कोरी.

२६ मार्च, बुधवार

साडेसातला गेलो. ही बरोबर होती. रक्त घेणारी मुलगी चटपटीत, बोलता बोलता सुई टोचलीसुद्धा. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती भरलेली नळी हातात धरून हळूच उलटसुलट करत होती. मी मोजलं. आठ वेळा.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"आतलं औषध सगळीकडे सारखं पोचायला हवं ना काका. नाहीतर आकडे चुकतात. सगळे घाई करतात, मी नाही करत." आणि नळी स्टँडमध्ये ठेवली.

मला एवढं हसू आलं की हिने काळजीने माझ्या कपाळाला हात लावला.

छातीचा फोटो झाला, लघवी झाली. पहिला निकाल मंगळवारी, नंतर आणखी तपासण्या, म्हणजे लगेच काही होणार नाही. बाहेर बाकावर बसून ताईला फोन लावला. आज तिचं डायलिसिस वरच्याच मजल्यावर चालू होतं, पण मशीन सुरू असताना आत सोडत नाहीत.

"ताई, कागद दिला. आत्ता रक्त दिलं."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"अकरा आठवडे लागले मला," मी म्हटलं. "भ्यायलो होतो. तुला रोज थेंबांचं सांगत होतो आणि हे सांगत नव्हतो."

"माहीत आहे रे मला," ती म्हणाली. "डॉक्टर दर आठवड्याला सांगायचे, भाऊ आला नाही म्हणून. तुझ्या बायकोला मीच म्हटलं, त्याच्या मागे लागू नकोस."

"मग मला का नाही बोललीस?"

"अरे, चौतीस वर्षं हेच केलं ना मी. कधी कधी कोणी फोन लावायचं आणि बोलायचंच नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. अशा वेळी आम्ही लाइन तोडायचो नाही. माणूस शब्द शोधत असतो."

मला पुढे बोलता येईना. तीही काही बोलली नाही. दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.